पायसाइड६: सिग्नल एमिट झाला की नाही, टेस्टमध्ये कसं तपासता?

धागाकर्ती:
नमस्कार. पायसाइड६ (पायथॉनमध्ये खिडक्या-बटणांची ॲप्स बनवायची क्यूटी लायब्ररी) वापरून नोंदणीचा एक फॉर्म लिहिलाय. 'जतन करा' दाबलं की वेगळ्या थ्रेडवरचा (मुख्य कामाला समांतर चालणारा) वर्कर डेटाबेसमध्ये लिहितो आणि सिग्नल, म्हणजे 'काम झालं' अशी सूचना, एमिट करतो (पाठवतो). तो खिडकीच्या मेथडला जोडलाय, ती लेबल बदलते. ॲप चालवलं की सगळं नीट. टेस्टमध्ये मात्र क्लिकनंतर 2 सेकंदांचा स्लीप (नुसतं थांबणं) टाकला तरी लेबल जुनंच. 10 केले, तरी तेच. सिग्नल निघत नाही की पोचत नाही, हेच कळेना. तुम्ही काय वापरता?

प्रतिसाद 1:
निघतोय, पोचत नाहीये. दुसऱ्या थ्रेडवरून आलेला सिग्नल मेन थ्रेडच्या इव्हेंट लूपच्या (आलेल्या घटना एकेक करून हाताळणाऱ्या चक्राच्या) रांगेत थांबतो, आणि स्लीपने तुम्ही तोच थ्रेड अडवून धरलाय. कितीही सेकंद वाढवा, रांग हलणार नाही.

पायटेस्ट-क्यूटी (क्यूटी ॲप्सच्या टेस्टसाठीचं पायटेस्टचं प्लगिन) घ्या. त्यातला 'वेटसिग्नल' लूप चालू ठेवून वाट बघतो, सिग्नल आला की लगेच पुढे जातो, 5000 मिलिसेकंदांत नाही आला तर टेस्ट फेल. क्लिक मात्र 'वेटसिग्नल'च्या 'विथ' ब्लॉकच्या आतच ठेवा. आधी क्लिक केलंत तर ऐकायला बसायच्या आतच सिग्नल होऊन गेलेला असू शकतो. मग टेस्ट कधी पास, कधी फेल.

प्रतिसाद 2:
आम्ही सी++ मध्ये आहोत, तिथे 'क्यूसिग्नलस्पाय', म्हणजे आलेले सिग्नल नोंदवून ठेवणारा क्लास. तोही क्लिकच्या आधी बनवायचा. सिग्नल किती वेळा आला आणि काय घेऊन आला, दोन्ही बघा. एकाच बटणाला चुकून दोनदा कनेक्ट केलेलं आम्हाला असंच सापडलं.

आणखी एक: मजकुराच्या चौकटीत कोडमधून 'सेटटेक्स्ट'ने मजकूर टाकला तर 'टेक्स्टचेंज्ड' सिग्नल येतो, 'टेक्स्टएडिटेड' येत नाही. त्यावर काही अवलंबून असेल तर कीक्लिक्सने (खऱ्या कळा दाबल्यासारखं) टाइप करा.

धागाकर्ती:
चाललं! स्लीप काढून टाकला. आता नाव रिकामं असताना सिग्नल येऊ *नये*, हे कसं तपासू?

प्रतिसाद 1:
पायटेस्ट-क्यूटीतलंच 'असर्टनॉटएमिटेड', सिग्नल आला तर टेस्ट फेल. त्याला वेट (वाट बघायचा वेळ) द्या, साधारण 500 मिलिसेकंद. मुळात तो 0 असतो, म्हणजे ब्लॉक संपताक्षणी निकाल. तुमचा सिग्नल थ्रेडवरून उशिरा येतो, त्यामुळे कोड चुकलेला असला तरी टेस्ट हिरवीच (पास) दिसेल. एकदा व्हॅलिडेशन (नाव रिकामं आहे का ही तपासणी) मुद्दाम बंद करून ती लाल (फेल) होते का, ते जरूर बघा.