त्साम्पा: जव आधी भाजायचे की आधी दळायचे? आणि पाणचक्क्या अजून चालतात का?

मीठभाकर
तिबेटी खेड्यांतल्या खाण्यापिण्याबद्दल वाचताना घोळ होतोय. कुठे त्साम्पा म्हणजे नुसतं ‘जवाचं पीठ’ असं असतं, कुठे ‘भाजलेलं पीठ’. नेमका क्रम काय? वाळूत भाजत असतील तर पिठात कचकच कशी येत नाही? आणि ओढ्यावरच्या पाणचक्क्या चालतात, की सगळं विजेच्या गिरणीवर गेलं? मी ग्यांत्से-शिगात्से बाजूची शेती करणारी गावं धरतोय, चांगथांगचे (उत्तरेच्या उंच पठारावरचे) पशुपालक नाहीत.

पाटकरी
आधी भाजायचे, मग दळायचे. उलट केलं तर तो त्साम्पा नव्हेच. कारण उंचीत आहे. ल्हासा ३,६५० मीटरवर, तिथे पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळतं. कच्चं धान्य शिजवायला वेळ आणि जळण दोन्ही भरमसाट लागतं, आणि झाडं विरळ असल्यामुळे जळण म्हणजे मुख्यतः शेणाच्या गोवऱ्या. दाणा एकदाच कोरड्या आचेवर पुरता शिजवून ठेवला की पुढे महिनाभर नुसता चहा गरम केला तरी जेवण होतं. सगळी युक्ती एवढीच आहे.

तिथला जव (त्याला ‘ने’ म्हणतात) बिनटरफलाचा. कुसळं असतात, पण टरफल दाण्याला चिकटलेलं नसतं, मळणीतच सुटतं. म्हणून कांडण्याची पायरी नाही.

भाजण्याआधी दाणे धुऊन, किंवा पाण्याचा हबका मारून, थोडे सुकू देतात. हात लावला तर ओलसर वाटावेत, पण पाणी सुटू नये. लोखंडी कढईत नदीची बारीक, धुतलेली वाळू इतकी तापवतात की पाण्याचा थेंब पडताच उडून जावा. मग एका घाण्याला दोन-तीन ओंजळीच दाणे टाकून सारखं हलवायचं. आतल्या ओलाव्याची वाफ होते, दाणा तडतडतो आणि त्याला उभी भेग पडून आतला पांढरा भाग दिसतो. हे मिनिटभरात होतं. लगेच चाळणीवर ओतायचं, वाळू खाली कढईत, दाणे वर.

कचकच न येण्याचं उत्तर या चाळणीत आहे. वाळू भोकातून सहज गळेल इतकी बारीक हवी. जाड खडे राहिले तर ते दाण्यांबरोबर वर उरतात आणि थेट जात्यात जातात. घाणा बिघडतो तो बहुतेक वेळा वाळू कमी तापल्यामुळे. दाणा फुटत नाही, कडक राहतो, पिठाला कच्चा वास येतो आणि खाल्ल्यावर पोट फुगतं. जास्त दाणे एकदम टाकले तरी हेच, कारण वाळू थंडावते. चाळायला उशीर झाला तर दाणा करपतो, आणि तो कडवटपणा दळल्यावर सगळ्या पिठात पसरतो. फुटलेले दाणे तसेच खातात, त्यांना ‘यो’ म्हणतात.

द्रीचं लोणी
खाण्याची रीतही लिहून ठेवतो, कारण ‘याकचं लोणी’ वाचून कान किटले. याक हा नर. दूध देते ती द्री, किंवा याक-गाय संकरातली झोमो. शेतीच्या गावांत झोमो आणि गाईच जास्त.

वाटीत तळाला थोडा लोणी-मिठाचा चहा ठेवून, लोण्याचा तुकडा आणि असेल तर सुका छुरा (चुऱ्यासारखं चीज) घालून वर त्साम्पाचा ढीग करतात. पहिल्यांदा तर्जनीने पीठ हलकेच खाली दाबत, बोट काठाकडून फिरवायचं. एकदम बोटं खुपसली की पीठ आणि चहा दोन्ही मांडीवर. पीठ ओलं झालं की डाव्या हाताने वाटी फिरवत उजव्या बोटांनी मळायचं. मुटका हाताला न चिकटता सुटला पाहिजे. चिकटला तर चहा जास्त झाला, चिमूटभर पीठ आणखी. या मुटक्याला ‘पाक’ म्हणतात.

मीठभाकर
दोघांचे आभार. पाणचक्कीचं राहिलं. आणि गिरणी आली तर घरी भाजणं का सुटलं नाही?

पाटकरी
पाणचक्कीत दातेरी चाकं नसतात. पाट उतरत्या लाकडी पन्हळीतून आडव्या चाकाच्या पात्यांवर पडतो. चाकाचा उभा आस खालच्या तळीतून वर येऊन वरची तळी फिरवतो. वर दाण्यांची टोपली टांगलेली, तिला बांधलेली काठी फिरत्या दगडावर टेकते आणि थरथरत दाणे सोडते. दगड मंद झाला की दाणेही आपोआप कमी पडतात, म्हणून माणसाला उभं राहावं लागत नाही. तळ्या गुळगुळीत झाल्या की टाकी लावायची, नाहीतर पीठ जाडंभरडं येतं. कडाक्याच्या थंडीत पाट गोठतो, त्यामुळे सुगीनंतर, बर्फ धरायच्या आत दळणाची घाई.

विजेच्या गिरणीने हे बरंचसं मागे टाकलं, पण पाणचक्क्या संपल्या नाहीत. गिरणीचा दगड वेगाने फिरतो, पीठ तापतं, भाजल्याचा सुवास उडतो. पाणचक्कीचं पीठ थंड उतरतं, म्हणून शहरात त्याला अजून मागणी आहे. तयार पिशव्याही मिळतात. घरी भाजतात त्यामागे साठवणीचं गणित आहे: कच्चा दाणा त्या कोरड्या थंड हवेत वर्षानुवर्षं टिकतो, पीठ मात्र शिळं होतं. लागेल तेवढंच भाजायचं.

ओंगकोर
बदलाकडे फक्त गिरणीतून पाहू नका. १९७० च्या दशकात कम्यूननी (सामूहिक शेतीच्या संस्थांनी) हिवाळी गव्हाचा आग्रह धरला. गव्हाने जमिनीचा कस ओढला, आणि त्याचं पीठ लोकांना रुचलं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जमिनी घरांना माणशी वाटल्या गेल्या, तेव्हा शेतकरी परत जवाकडे वळले. जवाचं काड हाच हिवाळ्यातला जनावरांचा मुख्य चारा, हेही मोठं कारण. पण त्या वाटपानंतर जन्मलेल्यांच्या वाट्याला नवं शेत आलं नाही. माणसं वाढली, जमीन तेवढीच. म्हणून तरुण शहरात बांधकामाला जातात, आणि काही भागांत भावांनी एकत्र राहून एकच बायको करण्याची जुनी रीत पुन्हा दिसू लागली, शेत तुटू नये म्हणून.

प्रेशर कुकर आल्यापासून भातही सहज शिजतो, तरुणांच्या ताटात तो आणि नूडल्स वाढलेत. तरी लोसारला (तिबेटी नववर्षाला) छेमारची लाकडी पेटी लागतेच, एका कप्प्यात लोणी कालवलेला त्साम्पा, दुसऱ्यात भाजलेले दाणे. पाहुणा चिमूट घेऊन तीनदा हवेत उडवतो, मग थोडं तोंडात टाकतो. कालिंपोंगहून निघणाऱ्या तिबेटी वृत्तपत्राने १९५० च्या दशकात सगळ्या तिबेटींना ‘त्साम्पा खाणारे’ म्हणून साद घातली होती. प्रांत आणि पंथ वेगळे असले तरी वाटीतलं पीठ एकच होतं.