ऑफशोअर पॉवरबोटीत डिझेल की पेट्रोल? आधी अंतर सांगा

खारा_वारा
दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं होतं की डिझेल म्हणजे ट्रॉलरचं इंजिन, रेसिंग बोटीत त्याचं काय काम. उत्तर तिथे मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं असं, की ऑफशोअर शर्यतींत आज पेट्रोलचं राज्य आहे ते पेट्रोल सरस आहे म्हणून नव्हे, तर शर्यती आखूड झाल्या म्हणून. १९५६ ची मायामी-नसाऊ घ्या, १९६१ ला सुरू झालेली इंग्लंडमधली काउझ-टॉर्की घ्या. एका बंदरातून निघायचं, समुद्र कापायचा आणि दुसऱ्या बंदरात पोचायचं. आता अमेरिकेत बहुतेक ठिकाणी किनाऱ्यालगत बॉय (तरंगत्या खुणा) टाकून फेऱ्या मारतात. प्रेक्षकांना दिसलं पाहिजे ना! तासाभरात खेळ खलास. तेवढ्यासाठी जड इंजिन कोण वाहील?

अंतर वाढवा आणि मग बघा. १९८४ ची राउंड ब्रिटन, म्हणजे ब्रिटनला वळसा घालणारी शर्यत, इटलीच्या फाबिओ बुझीने 'व्हाइट इव्हेको' नावाच्या डिझेल बोटीने जिंकली. १९८६ मध्ये रिचर्ड ब्रॅन्सनच्या 'व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर २' ने ३ दिवस ८ तास ३१ मिनिटांत अटलांटिक ओलांडला, तोही एमटीयू कंपनीच्या दोन डिझेल इंजिनांवर. पेट्रोलवर हे करायला कुणी धजावलं असतं का?

टॉर्कवाला
धजावलं नसतं, मान्य. पण अटलांटिक ओलांडणं म्हणजे शर्यत नव्हे, तो प्रवास झाला. हाय-परफॉर्मन्स म्हणायचं तर वजनाचं बोला.

मर्क्युरी रेसिंगचं १३५० हे पेट्रोल इंजिन: ९ लिटर, व्ही-८, दोन टर्बो, १३५० अश्वशक्ती, वजन साधारण ८०० किलो. तेवढ्याच ताकदीचं यॉटमधलं मॅन कंपनीचं व्ही-८ डिझेल १६ लिटरचं आणि पावणेदोन-दोन टनांचं. बोटीत इंजिनं दोन. म्हणजे तुम्ही रेषेवर उभे राहतानाच दोन टन जादा घेऊन उभे.

आता तेल धरू. फुल थ्रॉटलला पेट्रोल किलोवॉट-तासाला ३०० ग्रॅमच्या आसपास पितं, चांगलं टर्बो डिझेल २१५. दोन्ही इंजिनं मिळून तासाला ६०० किलो विरुद्ध ४३०. वाचले १७०. दोन टन वसूल व्हायला बारा तास सलग थ्रॉटलची दांडी दाबून धरावी लागेल. काउझ-टॉर्की-काउझ बारा तास चालते का हो? तुमचं 'लांब शर्यत' प्रकरण तुमच्याच लांब शर्यतीत बसत नाही.

खारा_वारा
हिशोब बरोबर, इंजिन चुकीचं निवडलंत. यॉटचं मॅन घेऊन कोण शर्यतीत उतरतं? एफपीटी कंपनीचं ६.७ लिटरचं सहा सिलिंडर डिझेल धरा: ५७० अश्वशक्ती, वजन सहाशे किलोच्या घरात. तेवढ्याच ताकदीला तुमचा बारा तासांचा आकडा सात-साडेसातवर येतो. तरी तो अडीच-तीन तासांच्या शर्यतीत बसत नाही, हे कबूल.

पण जिंकणारा वजनकाट्यावर जिंकत नाही. २०१० ची काउझ-टॉर्की-काउझ बुझीने 'रेड एफपीटी' घेऊन जिंकली. हल (बोटीचा सांगाडा) जुनं, पोटात डिझेल. आणि वेगच हवा असेल तर मार्च २०१८ मध्ये लेक कोमोवर याच माणसाने वयाच्या पंचाहत्तरीत एफपीटीच्या १७०० अश्वशक्तीच्या डिझेलवर ताशी २७७ किलोमीटर गाठले.

टॉर्कवाला
लेक कोमो. तलाव! धाग्याचं नाव 'ऑफशोअर' आहे ना?

बिल्ज_मास्तर
मी मर्चंट नेव्हीतला इंजिनियर, रेसिंगशी माझा संबंध टीव्हीपुरता. पण दोघंही एक गोष्ट विसरताय.

लाट सोडून बोट उडाली की प्रोपेलर हवेत जातो. पाण्याचा रेटा गेला की इंजिन बोंबलत वर चढतं आणि पुढच्या क्षणी पंखा परत पाण्यात आपटतो. तो सगळा दणका ड्राइव्ह आणि गिअर खातात. रेसिंग बोटीत सुकाणू एकाकडे आणि थ्रॉटल दुसऱ्याकडे असतो तो यासाठीच. उडताना दांडी मागे, पडताना पुढे, हे त्याने शर्यतभर हाताने करायचं. डिझेलचं फिरतं वस्तुमान जास्त, वर वेग आवरणारा गव्हर्नर बसलेला, त्यामुळे आरपीएम तितक्या पटकन पळत नाहीत. हजार अश्वशक्तीच्या पुढचं ट्यून केलेलं पेट्रोल इंजिन असं तासन् तास आपटलं की लवकरच खोलावं लागतं. तुमच्या वजनाच्या गणितात हा खर्च कुठेच नाही.

आणि आग. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाशी, जाऊन बसते. म्हणून स्टार्टआधी चार मिनिटं ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवा अशी पाटी डॅशवर असते. मी तर आधी हॅच उघडून नाक घालतो, मग किल्ली. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने वाफ पेट घेते ते तापमान, शून्याखाली चाळीस अंश. जहाजांवर आम्ही ६० अंशांच्या खालचं इंधन इंजिन रूममध्ये सहसा येऊच देत नाही. एल अँड टीने तटरक्षक दलासाठी बांधलेल्या ४५ नॉटच्या इंटरसेप्टर बोटी डिझेलवर आहेत त्या उगाच नाहीत.

मांडवा_बोटवाला
मास्तर, ब्लोअरबद्दल शंभर टक्के. माझ्याकडे पेट्रोल आउटबोर्ड आहेत. ती बाहेर टांगलेली, वाफ वाऱ्यावर, त्यामुळे ही भानगड बरीच कमी. मात्र डेकखाली टाकी असेल तर नाक घालावंच लागतं.

डिझेल आउटबोर्डचा विचार मीही केला होता. कॉक्सचं ३०० अश्वशक्तीचं ३९३ किलो भरतं, मर्क्युरीचं व्ही-८ तेवढ्याच ताकदीचं अडीचशेच्या आत-बाहेर. ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या भिंतीवर) दोन टांगली की मागून बसलीच बोट, नाक आभाळात. किंमत ऐकून तर मी चहाही न घेता उठलो.

आणि डिझेलची खरी दुश्मन आग नव्हे, पाणी. ब्रॅन्सनचं उदाहरण वर दिलंय ना? त्याच सफरीत भर समुद्रात भरलेल्या डिझेलात पाणी आलं, फिल्टर धडाधड चोक व्हायला लागले, आणि शेवटी रॉयल एअर फोर्सच्या निमरॉड विमानाने वरून फिल्टर टाकले तेव्हा गाडी पुढे सरकली. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या टाकीत आमच्या बंदरातले तांडेल काचेच्या बरणीत डिझेल धरून तळ बघतात, ते यासाठीच.

खारा_वारा
फिल्टर मुद्दा मान्य. जाता जाता, चॅलेंजर २ चा आराखडा काढणारे सनी लेव्ही आपल्या मुंबईतले म्हणायला हरकत नाही. जन्म कराचीचा, पण वडिलांच्या ॲफ्को बोटयार्डमध्ये, मुंबईतच हात बसला, मग १९६० ला इटली गाठली. १९६३ ची काउझ-टॉर्की जिंकणारी 'आ-स्पेरान्झिएला' त्यांचीच, आणि ती पेट्रोलवर. शर्यतीला पेट्रोल, महासागराला डिझेल. मी काय वेगळं सांगतोय?

टॉर्कवाला
तुम्ही सांगत होता की पेट्रोल सरस नाहीच. आता लेव्हींच्या आडून म्हणताय, शर्यतीला पेट्रोल. चालेल मला!

फक्त एक राहिलं. हजार-तेराशेवाली इंजिनं घेणारे बहुतेक लोक शर्यतीत उतरतच नाहीत. शनिवारी मित्र जमवायचे, फ्लोरिडातल्या एका बेटावरून दुसऱ्यावर जेवायला जायचं, तळ्यासारखं पाणी असेल तेव्हा दहा मिनिटं बोट ताशी शंभर मैलांच्या वर न्यायची आणि परत. वर्षाकाठी पन्नास तास इंजिन चाललं तर खूप. त्याला तुमचं दहा हजार तास टिकणारं डिझेल कशाला? आणि मागून येणारा तो आवाज सहा सिलिंडरमधून काढून दाखवा.

बिल्ज_मास्तर
आवाजासाठी पैसे मोजणाऱ्याशी वाद नाही. त्याने फक्त ब्लोअर चार मिनिटं चालवावा, तीन नाही.