मदत हवी आहे: बाळाच्या बेंबीतून लघवी येते, ऑपरेशन आत्ताच करावं की थांबावं?

नमस्कार. मुलगा २६ दिवसांचा आहे, मी बाळंतपणाला कराडला माहेरी आहे. नाळ नवव्या दिवशी पडली, पण बेंबी काही सुकेना. आत लालसर कोंब दिसला म्हणून इथल्या डॉक्टरांनी तो जाळायला दोनदा सिल्व्हर नायट्रेट लावलं. तरी ओल तशीच.

गेल्या आठवड्यात तेल लावताना तो जोरात रडला आणि बेंबीत पाण्याचा थेंब वर आला. पुसला, पुन्हा आला. दुपट्यावर बरोबर पोटाखाली पिवळसर गोल डाग, वास लघवीचा. माझे हातपायच गळाले.

पुण्यात लहान मुलांच्या सर्जनना दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शूची धार कशी येते?" मी कधी नीट बघितलीच नव्हती. ते पाणी लघवीच आहे का हे कळायला त्यातलं क्रिएटिनिन (लघवीत भरपूर असणारा घटक) तपासलं, सोनोग्राफी केली. निदान: पेटंट युरेकस. गर्भात मूत्राशयापासून बेंबीपर्यंत एक नळी असते, ती जन्माआधी मिटून तिचा नुसता दोर उरतो. याची उघडीच राहिली. बेंबीतून शी किंवा वायू आला असता तर आतड्याकडून आलेल्या नळीचा संशय घ्यावा लागला असता, तसं काही नाही.

आता एमसीयू करायची आहे, म्हणजे शूच्या जागेतून बारीक नळी घालून मूत्राशयात एक्स-रेत दिसणारं औषध भरायचं आणि शू होताना फोटो काढायचे. मुलग्यांमध्ये कधी कधी मूत्रमार्गात पडदा असतो, मग दाबामुळे वरची वाट उघडी राहू शकते. तसं असेल तर आधी तो पडदा. हे मला पटलं.

अडलंय पुढे. खाली अडथळा नसेल आणि जंतुसंसर्ग झाला नाही, तर पहिल्या सहा महिन्यांत नळी आपोआप बंद होऊ शकते, थांबू, असं हे सर्जन म्हणतात. दुसरे म्हणतात, गळती बरीच आहे, मूत्राशयाच्या टोकाच्या लहानशा भागासकट नळी काढून टाकू. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची या विचारानेच झोप लागत नाही, आणि थांबावं तर जंतुसंसर्गाची धास्ती.

कुणाच्या बाळाला हे होतं का? थांबला होतात का, किती दिवस? एमसीयूला नळी घालताना बाळाला कितपत त्रास होतो, नंतर लघवीला जळजळ होते का? बेंबी कोरडी कशी ठेवलीत? सासूबाई हळद लावू म्हणतात, मी कशालाच हात लावू देत नाहीये. बेंबीभोवती लाली, ताप किंवा दूध ओढणं कमी, यातलं काहीही दिसलं तर रात्रीसुद्धा निघून या, असं सर्जननी बजावलंय.

एमसीयू गुरुवारी सकाळी आहे. त्याआधी कुणी अनुभव लिहिलात तर फार आधार होईल.