कूर्चा, कास्थी, तरुणास्थी आणि 'लॅक्युना'

प्रश्न : सांध्याच्या कार्टिलेजमधल्या एका पेशीच्या छायाचित्राखाली मराठी ओळ लिहायची आहे. चित्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं आहे. कास्थी, उपास्थी आणि कूर्चा यांतला कुठला शब्द घ्यावा? आणि 'लॅक्युना'ला, म्हणजे पेशी जिथे बसलेली असते त्या जागेला, 'पोकळी' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : पहिल्या शब्दावर फार अडू नका. शाळेच्या पुस्तकात कास्थी आहे, तर 'गुडघ्याची कूर्चा झिजली' हे घरोघरी ऐकू येतं. उपास्थी हिंदीत रुळला आहे. एक मात्र ध्यानात असू द्या, सुश्रुतसंहितेतला 'कूर्च' निराळा. तो कुंचल्यासारख्या जुडग्याला म्हटलेला असून हात, पाय, मान वगैरे ठिकाणी मिळून सहा सांगितले आहेत. नाक, कान, मान, नेत्रकोश इथल्या मऊ हाडाला सुश्रुत 'तरुण' अस्थी म्हणतो. गर्भातली बहुतेक हाडं आधी कूर्चेचीच असतात, म्हणून मला 'तरुण' हा शब्द फार समर्पक वाटतो. पण आजच्या वाचकासाठी 'कूर्चापेशी' लिहा.

'पोकळी' मात्र नको. लॅटिनमध्ये लॅक्युना म्हणजे डबकं, खड्डा. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली आक्रसलेली पेशी आणि तिच्याभोवती मोकळी जागा दिसली, म्हणून ते नाव पडलं. जिवंत कूर्चेत ती मोकळी जागा नसतेच.

प्रश्न : पण पुस्तकांतल्या चित्रांत ती पांढरी कड स्पष्ट दिसते!

उत्तर : दिसते, कारण काप तयार करताना ती निर्माण होते. कूर्चेच्या आधारद्रव्यात, म्हणजे पेशींभोवतीच्या द्रव्यात, कोलॅजन या प्रथिनाचे तंतू आणि पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकॅनचे रेणू असतात. नेहमीच्या रसायनांत ऊतक टिकवताना हे रेणू निसटतात, पुढे पाणी काढताना पेशी आकसते आणि भोवतीच्या द्रव्यापासून सुटते. प्रोटिओग्लायकॅनवर ऋण प्रभार असतो. हे हेरून 1982 साली स्विस संशोधकांनी धन प्रभाराचं रुथेनियम हेक्झामिन ट्रायक्लोराइड वापरलं. रेणू जागच्या जागी धरले गेले आणि पेशीपटल आधारद्रव्याला थेट चिकटलेलं दिसलं. उच्च दाबाखाली झटकन गोठवलेल्या कूर्चेतही तेच दिसतं. शब्द ठरवताना हा पुरावा डावलू नये असं मला मनापासून वाटतं. चुकीचा शब्द विद्यार्थ्याच्या डोक्यात चुकीचं चित्र कायमचं बसवतो.

मी 'कोंदण' सुचवेन. खड्याला कोंदण असतं तशी ही जागा पेशीला घट्ट धरून असते. वाळलेल्या हाडात पेशी नष्ट होऊन जागा खरोखर रिकामी उरते, तिथे 'पोकळी' खुशाल वापरा.

प्रश्न : चित्रात पेशीच्या कडेला बोटांसारखं काही आहे, आत समांतर रेषाही आहेत.

उत्तर : बोटं म्हणजे पेशीचे आखूड प्रवर्ध. रेषा बहुधा खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या पडद्यांच्या जाळ्याच्या. कोलॅजन इथेच घडतं, म्हणून काम करणाऱ्या कूर्चापेशीत ती भरपूर असते. प्रौढ माणसाच्या सांध्याच्या कूर्चेत पेशींचा वाटा जेमतेम 1 ते 2 टक्के, बाकी सारं त्यांनीच रचलेलं आधारद्रव्य. 'प्रवर्ध' जड वाटला तर 'फाटे' म्हणा.

ओळ अशी होईल : 'सांध्याच्या कूर्चेतली पेशी आपल्या कोंदणात, कडेला आखूड फाटे, आत खडबडीत आंतर्द्रव्यजालिका, भोवती कोलॅजनचे तंतू.' काप कुठल्या पद्धतीने टिकवला तेही खाली नोंदवा. पेशीभोवती पांढरी कड असेल, तर ती का आहे हे वाचकाला त्यावरूनच कळेल.