तुमच्या गाडीत बॅटरी कुठं बसवलीय? अनुभव लिहा

बारा व्होल्टनं शॉक बसत नाही म्हणून बॅटरीला कुणी भीत नाही, पण आग लागायला तेवढं लई झालं. सुरुवात मी करतो. बॅटरी बदलून घेतली, ती जुन्यापेक्षा बोटभर उंच, आवळायची पट्टी बसंना म्हणून तशीच ठेवून दिलेली आणि प्लसवरची लाल टोपी पण नाही. करूळ घाट उतरताना खड्ड्यात गाडी आदळली की बॅटरी उडून बॉनेटला टेकायची, जळका वास आला म्हणून थांबलो. बॉनेटच्या आतनं रुपयाएवढा काळा डाग आणि मधोमध पत्रा वितळून मणी झालेला. शेजारी पोरगं बसलं होतं हो माझं.

कागल : माझ्या बोटावर वळ आहे अजून. दहाचा पाना प्लसच्या नटावर, दुसरं टोक बॉडीला टेकलं आणि मधे अंगठी. बॉडी म्हणजेच माइनस. म्हणून माइनस आधी काढायचा, जोडताना शेवटी. मला हे नंतर कळलं.

राजारामपुरी : मामांची जुनी बीएमडब्ल्यू, बॅटरी डिकीत. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो बाहेर जायला बारीक नळी असते. बॅटरी बदलणाऱ्यानं ती जोडलीच नव्हती, नुसती लोंबत होती. सीटखाली किंवा डिकीत बॅटरी असंल त्यांनी आजच बघा.

उद्यमनगर : वायरिंगचंच काम करतो. अँपची (म्हणजे गाण्याचा आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरची) वायर थेट बॅटरीवरनं आणि फ्यूज मागं अँपजवळ, अशा गाड्या सारख्या येतात. वायर सीटच्या पट्टीत सोलली तर मधल्या वायरीला वाचवणार कोण? फ्यूज बॅटरीपासून वीतभरात पाहिजे. एका गाडीत कार्पेट उचललं तर खाली वायरीचा प्लास्टिक वितळून तारेला चिकटलेला, वरनं काहीच दिसत नव्हतं.

चिखली : 2019 ला पुराचं पाणी दारात आलं तेव्हा जनावरं सोडायची गडबड, गाडी राहिली तशीच. 2021 ला मात्र आधी माइनस काढला मग घर सोडलं. पाणी ओसरल्यावर पण वायरिंग सुकवून, मेकॅनिकला दाखवूनच जोडला.

शाहूपुरी : जंप स्टार्टला, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरनं चालू करताना, काळा चिमटा बंद पडलेल्या गाडीच्या माइनसलाच लावायचा ना?

उद्यमनगर : नको. शेवटचा चिमटा इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडतेच, ती बॅटरीतनं निघणाऱ्या हायड्रोजनजवळ नको, तो पेट घेतो.