अनुभव धागा : बदलीची नोकरी, पहिले घर आणि मोजक्या रजा

क्वार्टरमध्ये आयुष्य गेलेल्यांना भिंतीत आणि फरशीखाली काय असते ते बघायची वेळच येत नाही, खात्याचा माणूस येऊन बघतो. स्वतःचे बांधताना नेमकी तिथेच गोची होते. साइट लांब, रजा मोजकी. मग ती कधी टाकावी? जाणत्यांनी लिहा. वास्तुशास्त्राचे वाद इथे नकोत.

सोलापूरकडून

भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा आधीच पक्क्या करा. पहिली रजा पायाच्या खोदाईला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्यावरच राहिला तर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात. खड्ड्यात स्वतः उतरा आणि पहार मारून कडक मुरूम लागलाय का बघा. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खोल खांब) घ्यायचे का, हे इंजिनिअरने ठरवायचे, मुकादमाने नव्हे.

दुसरी चोरी जोत्यात होते. खोदलेली काळी मातीच परत आत ढकलतात, वाहतूक वाचते ना! जोत्यात मुरूमच हवा. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुमसलेला. नाहीतर राहायला गेल्यावर फरशी खचते.

निवृत्त ओव्हरसिअर

स्लॅबसाठी दोन दिवसांची रजा घ्या. आदला दिवस सळईचा. सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई फळीपासून वर धरणारे ठोकळे, हवेत : स्लॅबला 20 मिमी, बीमला 25, कॉलमला 40. त्याऐवजी खडीचे तुकडे ठेवतात, ते पायाखाली सरकतात आणि सळई फळीला टेकते. पुढे ती गंजून फुगते, छताचे पोपडे पडतात.

ओतायच्या दिवशी लक्ष पाण्यावर. एम 20 दर्जाचे काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी 1:1.5:3, आणि 50 किलोच्या पोत्याला फार तर 27 लिटर पाणी. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. 'माल चालत नाही' म्हणत मिस्तरी जादा बादली ओततो. ती बादली अडवायलाच तुम्ही तिथे असता. पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंट असेल तर किमान 10 दिवस आळी करून पाणी साठवा. बीमचे टेकू 14 दिवसांआधी हलवू देऊ नका, गाळा (दोन आधारांमधले अंतर) 6 मीटरहून मोठा असेल तर 21.

वायरिंग-प्लंबिंगवाला

प्लास्टरच्या आदल्या दिवशी या. प्रत्येक भिंतीला टेप लावून पाइपांचे फोटो काढा. टेपवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. पुढे खिळा कुठे ठोकायचा हे विचारायला कोणी नसते. बाथरूमचे वॉटरप्रूफिंग झाले की टाइल बसण्याआधी 48 तास पाणी भरून खालचे छत बघा.

टेपचा विषय निघालाच आहे तर

दाराची चौकट ठरवण्याआधी बदल्यांत फिरलेले लोखंडी कपाट मोजा. 36 इंची चौकटीत अडीच-अडीच इंचांचे लाकूड गेले की मोकळी जागा 31 इंचच उरते.

सावंतवाडीकडून

इकडे जांभ्याचा चिरा. तो पाणी पितो, म्हणून पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात. आणि एक रजा बांधकामाच्या कितीतरी आधी टाका : कुंपण घालून माड लावा, दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवून. उंच जातीचा माड धरायला सहा-सात वर्षे घेतो; घर दीड वर्षात उभे राहते.