पडणं, उठणं आणि मधली पानं : मुलांच्या यमकांच्या पुस्तकांचे अनुभव लिहा

धागाकर्ती, धरमपेठ

एका जातीचं पुस्तक सध्या लहान मूल असलेल्या बहुतेक घरांत सापडतं. मोठा टाइप, पानभर चित्र, खाली दोन-चार ओळी आणि ओळींच्या शेवटी यमक. एखादा पक्षी, गोगलगाय नाहीतर छोटी मुलगी निघते, पडते, रडते, पुन्हा उठते आणि शेवटच्या पानावर सूर्य उगवतो. वाढदिवसाला कोणीतरी आणतंच. मराठीत आहेत, हिंदीत आहेत, इंग्रजीत तर ढिगाने.

मला परीक्षणं नकोत. तुमच्या घरी, वर्गात, दवाखान्यात असं पुस्तक उघडलं तेव्हा पोट्ट्यांनी काय केलं ते सांगा. ऐकलं, की पळाले? मुलांची नावं नका लिहू, वय लिहा. नागपुरी चालेलच, उलट नागपुरीत लिहिलंत तर बरंच.

सुरुवात मी करते. मुलगी सहा वर्षांची. तिच्या पुस्तकातला पक्षी मधे कुठेतरी पावसात फांदीवर बसून राहतो. ती तिथे पानावर हात ठेवते. "थांब, तो अजून ओला आहे." पुढे इंद्रधनुष्य येतं, पक्षी उडतो, पण त्यात बाईंना काडीचा रस नाही. तेव्हापासून दुकानात असं पुस्तक हाती आलं की मी शेवट वाचत नाही, मधली पानं बघते. लिहिणाऱ्याला तिथून पळायची घाई झालेली दिसली की पुस्तक परत फळीवर.

निवृत्त शिक्षिका, नंदनवन

मी महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवली. वर्गात घरी हिंदी बोलणारी, छत्तीसगढी बोलणारी, गोंडी बोलणारी मुलं. पुस्तकातली मराठी त्यांच्या घरात कोणीच बोलत नाही. अशा वर्गात यमक फार कामाचं. मी ओळ वाचायची आणि शेवटच्या शब्दाआधी थांबायची. ज्याला अक्षर येत नाही तोही तो शब्द ओरडून सांगतो, कारण कानाने त्याला तो आधीच कळलेला असतो. मग मी त्याचं बोट त्या शब्दावर ठेवायची. वाचता येण्याच्या कितीतरी आधी मुलाला आपण वाचतोय असं वाटतं, आणि ते वाटणं फार मोठं असतं.

पण एक तक्रार आहे. यमक जुळवायच्या नादात पुस्तकवाले ठेका मोडतात. पहिली ओळ आठ मात्रांची, दुसरी अकराची, शेवटी 'आशा-दिशा' जुळलं की झालं यांचं काम. मुलं मात्रा मोजत नाहीत, पण ठेका मोडला की माना डोलायच्या थांबतात. लिहिणाऱ्यांनी एकदा तरी चाळीस मुलांपुढे मोठ्याने वाचून बघावं. आणि 'जिद्द', 'ध्येय', 'यश' हे शब्द पहिलीच्या पोराला कशाला हवेत? त्याला खडी चढण दाखवा, दम लागलेला दाखवा.

पैशांचा प्रश्न असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या. मुक्त परवान्याच्या असल्यामुळे छापूनही घेता येतात. मी घेत असे.

वर्धा रोड

मुलगा चार वर्षांचा. 'हरू नको, थांबू नको' वाचत होतो. तो म्हणाला, "मेट्रो तर थांबते." पुस्तक मिटलं.

संत्र्याची बाग, काटोलकडे

मॅडम, मी काई लेखक नाही. पोरगं सात वर्षांचं, नागपुरात मावशीकडे शिकते, सुट्टीत बागेत येते. मावशीनं त्याले एक पुस्तक दिलं. बी पेरलं, पाऊस आला, झाड झालं, फूल आलं, पान उलटलं का फळ! पोरगं मले म्हणते, "बाबा, हे खोटं हाय ना?" आता काय सांगू त्याले!

ज्यांले माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मृग बहार घ्याचा असला का आमी उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतो. त्याले ताण देणं म्हणतात. हलक्या जमिनीत ताण कमी, भारी काळ्या जमिनीत जास्त. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतात. नव्या माणसाले वाटते का बाग गेली. पण झाडाची वाढ थांबली तवाच ते फुलाची तयारी करते. जूनचं पाणी पडलं का पांढरा बहार. ताण जास्त झाला तर झाड खरंच वाळते, म्हणून रोज जाऊन पाहा लागते. फळ हाती येते ते फेब्रुवारी-मार्चात. मधात फळगळ हाये, पानं काळी पाडणारी कोळशी हाये, आन् तोडा झाल्यावर वाळलेल्या काड्यांची सल काढाच लागते.

तर मीच पोरासाठी लिहून देल्लं. असं हाये:

वैशाखाचं ऊन, तापलं रान,
पिवळं पडलं पान न् पान.
झाड म्हणे, "उभं राहीन,
ढग कवा येते पाहीन."

ढग आला, गेला निघून,
झाड राह्यलं वर बघून.
दुसरा आला, तोही गेला,
कोरडा घसा कोरडाच ठेला.

चौथा आला, बसला दारी,
भिजली माती, भिजली सारी.
मुळ्या म्हणे, "हळू, हळू!
एकदम पेलो तर लागन कळू."

पोराले हे पटलं, पण थांबते कुठी? "मंग संत्रं कवा?" मी म्हटलं, होळीले. "मंग श्रावणात काय झालं? भादव्यात काय झालं?" आता एकेका महिन्याचं लिहा लागून राह्यलं. भादव्यात फळगळ लिहिली तर म्हणते, किती पडले ते मोज. दिवाळीपर्यंत पोचलो हाओ.

धागाकर्ती

दादा, "लागन कळू" वर आमच्या घरी दोन पिढ्या हसल्या. कार्तिकाचं झालं की इथेच टाका.

उत्तर नागपूर, आई

मुलगा नऊ वर्षांचा, सिकलसेल. विदर्भात हा आजार कितीतरी घरांत आहे, तरी आपल्या घरात निघेपर्यंत कोणी त्याबद्दल बोलत नाही. लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडं दुखतात. त्याला क्रायसिस म्हणतात. थंडी लागली, पाणी कमी पडलं, दमणूक झाली की येतो. औषध चालू आहे, फरकही आहे, पण पूर्ण थांबत नाही.

वॉर्डात कोणीतरी मुलांना पुस्तकं वाटली. यमकांचीच. ससा पडतो, ऊठ रे ऊठ, पळ रे पळ. माझ्याने दोन पानं वाचून झाली आणि हा म्हणाला, "तो आजारी नाहीये. तो नुसता पडलाय."

मला राग ससा लिहिणाऱ्याचा नाही आला. चांगल्या मनाने लिहिलेलं असतं. पण उठायचं की नाही हे ज्या मुलाच्या हातातच नाही, त्याच्यासाठी यांच्याकडे एक पानसुद्धा नसतं. मग सलाईन चालू असताना आम्ही दोघांनी मिळून केलं. शेवटची ओळ त्याची आहे:

आज दुखतंय, आज बसू,
पाणी पिऊ, थोडं हसू.
उद्या दुखलं, उद्या बसू,
परवाचं ते परवा पुसू.

आता शाळेत बाटलीतलं पाणी प्यायची आठवण करायची असली की मी एवढंच म्हणते, "पाणी पिऊ". त्याला सगळं कळतं. नव्या बाईंनी तासाला मधे पाणी प्यायला नाही म्हटलं होतं, त्यांना त्याने ही कविता म्हणून दाखवली. त्यांनी वर्गात सगळ्यांनाच बाटली बेंचवर ठेवू दिली.

खामला, नात

आमचे आजोबा गुरुदेव सेवा मंडळात भजनाला बसायचे. तुकडोजी महाराजांची खंजिरी त्यांनी लहानपणी प्रत्यक्ष ऐकलेली. माझ्या भाच्याला कुठलंही पुस्तक वाचून दाखवायचं म्हटलं की आजोबा आधी खंजिरी शोधतात. इंग्रजी यमकांचं पुस्तकही त्यांनी खंजिरीवर बसवलंय. उच्चार विचारू नका! पण भाचा अडीच वर्षांचा, तो प्रत्येक पडण्याला ताल धरतो. गोगलगाय भिंतीवरून घसरली की टाळ्या. तिला वर चढू देतच नाही, घसरणारं पानच पुन्हा लावा म्हणतो.

बाप, इंदोरा

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तिथून मुलीसाठी एक तरी पुस्तक घ्यायचं हे ठरलेलं. ती आठ वर्षांची. मागच्या खेपेला चित्रांचं घेतलं, बाबासाहेबांचं चरित्र, यमकात. शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसणं, शिपायाने वरून ओतलं तरच पाणी, हे सगळं चांगलं उतरलंय. ही काही 'पडला आणि उठला'ची गोष्ट नाही. ते पडले नव्हते, त्यांना बसू दिलं नव्हतं. हा फरक त्या पुस्तकवाल्याने ठेवलाय म्हणून त्याचं कौतुक.

पण पुढे एका पानावर बाबासाहेब लंडनला शिकतात आणि लगेच पुढच्या पानावर पदवी. मुलगी वर्षं वाचते हल्ली. म्हणाली, "पप्पा, इथे 1917 आहे आणि इथे 1920. मधे काय केलं?"

मग मी सांगितलं. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून 1917 मध्ये शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागलं. करारामुळे बडोद्याला नोकरी धरली, तर राहायला कोणी खोली देईना. जिथे राहिले तिथून काढलं. मुंबईला आले, 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली, आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं. डी.एस्सी. मिळाली 1923 मध्ये. मुलगी म्हणे, "हे सगळं एका पानात मावलं नसतं." मी म्हटलं, बरोबर. तर म्हणे, "मग दोन पानं द्यायची ना!" आता त्या दोन पानांच्या मधे तिने वहीचं पान चिकटवलंय. चित्रात एक बंद दार आणि बाजूला पेटी. यमक नाही.

छपाईतला माणूस, महाल

ताईंनी वर लिहिलंय की मधल्या पानांवरून पळायची घाई दिसते. माझ्या धंद्यातलं कारण सांगतो. मोठ्या कागदावर एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ, अशी सोळा पानं छापून घडी घालतात. त्याला आम्ही फॉर्मा म्हणतो. चित्रांचं पुस्तक बहुतेक वेळा दोन फॉर्म्यांचं, म्हणजे 32 पानांचं. त्यातून शीर्षक, प्रकाशकाची माहिती, अर्पणपत्रिका काढा. गोष्टीला उरतात बारा-तेरा जोडपानं. नायकाची ओळख, घर, स्वप्न यात चार गेली. शेवटचा आनंदीआनंद दोन-तीन खातो. पडण्याला उरतं काय? चार रंगांत छापायचं तर पान वाढवणं म्हणजे सगळा फॉर्माच वाढवणं, प्रकाशक नको म्हणतो.

पण मला वाटतं हे अर्धं कारण आहे. पानं तेवढीच असताना कोणी सूर्योदयाचं एक जोडपान काढून पडण्याला देऊ शकतो. देत नाही, कारण पुस्तक विकत घेणारा मोठा माणूस असतो आणि तो दुकानात शेवटचं पान बघतो.

घरी करायचं असेल तर फॉर्म्याची भानगड नाही. डिजिटल छपाईवर पाच-दहा प्रतीही निघतात. पानांची संख्या चारने भाग जाईल अशी ठेवा, जाड आर्ट पेपर घ्या, मधोमध दोन पिना मारून घ्या. लॅमिनेशन फक्त कव्हरला. आतल्या पानांना केलंत तर मुलांना रंगवता येत नाही.

ड्रॉपवाली, मानेवाडा

नीटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी, वर्षभराचा ड्रॉप घेतलाय. घरी पाहुणे आले की सगळ्यांना माझ्याशीच बोलायचं असतं, आणि सगळे शेवटच्या पानाचंच बोलतात. काल लाइट गेली, कूलर बंद, लहान भाऊ झोपेना, म्हणून त्याचं गोगलगायीचं पुस्तक मोबाइलच्या टॉर्चवर वाचलं. वर कोणीतरी लिहिलंय तशीच, भिंतीवरून घसरणारी. पाचव्या पानावर ती शंखात जाऊन बसते आणि पानावर एकच ओळ आहे, यमकाशिवाय. ते पान चांगलं आहे. पुढची मी वाचली नाहीत. भाऊ झोपला होता असं सांगते, पण तो जागा होता, त्यानेही मागितली नाहीत.

निवृत्त शिक्षिका, नंदनवन

ड्रॉपवाल्या पोरी, पाहुणे आले की माझ्याकडे येऊन बसत जा. माझ्याकडे कोणी येत नाही आणि इन्व्हर्टर आहे.

संत्र्याची बाग, काटोलकडे

छपाईवाले काका, सोळा पानाचं बसते का पाहा. अठ्ठावीस म्हणत होतो, पण खर्च पाहून सोळावर आलो. फळगळ काढणार नाही, पोरगं रागावते. चित्राचं मातर अडलं हाये. झाड मले जमते, ढग जमत नाही. कोणी काढून देईन का?

निवृत्त शिक्षिका, नंदनवन

माझ्या जुन्या शाळेतली मुलं काढतील, मी बाईंशी बोलते. किती ढग हवेत?

संत्र्याची बाग, काटोलकडे

चार. तीन कोरडे पाह्यजे, मॅडम. पोट्टे तिन्हीतून पाणी पाडतीन, त्यांले आधीच सांगून ठेवा.